नाव कोणाला द्यायचे?

नीनो हारातिश्विली १९८३ साली त्बिलिसीत जन्मल्या, पण लिहितात जर्मनमध्ये. २०१४ साली आलेली त्यांची ‘आठवे आयुष्य’ ही बाराशेहून अधिक पानांची कादंबरी एका जॉर्जियन कुटुंबाच्या सहा पिढ्यांची कहाणी सांगते. शार्लट कॉलिन्स आणि रूथ मार्टिन यांनी केलेला तिचा इंग्रजी अनुवाद २०१९ साली प्रसिद्ध झाला.

स्टालिन गोरीचा, बेरियाचा जन्मही जॉर्जियातलाच. म्हणजे या कुटुंबाच्या वाट्याला आलेला छळ केवळ परक्यांनी केलेला नाही, त्यात घरचेही आहेत. तरी कादंबरी या दोघांची नावे घेत नाही. एक फक्त ‘जनरलिसिमो’ आहे, दुसरा ‘छोटा मोठा माणूस’. नावे आहेत ती स्टासिया, क्रिस्टीन, किटी यांची. बेरियाची नजर क्रिस्टीनवर पडते आणि तिचा चेहरा अ‍ॅसिडने जाळतो तो तिचा नवरा. किटीवर चौकशीत गर्भपात लादला जातो, आणि तिचा भाऊ कोस्ट्या त्याच सत्तेच्या सेवेत वर चढत राहतो. इतिहास घराबाहेर घडतो आणि घर त्याचा बळी ठरते, ही सोयीची मांडणी इथे टिकत नाही.

ती टिकू नये यासाठी कादंबरीला स्वतःशीच झगडावे लागते. खापरपणजोबांच्या चॉकलेटची गुप्त पाककृती पिढ्यान्‌पिढ्या चालत येते, आणि जो ते चाखेल त्याच्यावर संकट कोसळते. वाचकाला धरून ठेवायला ही युक्ती उत्तम. पण शापावर बोट ठेवले की कोस्ट्याने केलेली निवड नशिबाच्या खात्यावर जमा होते. माझा मुख्य आक्षेप इथे आहे.

निवेदिका नीत्सा हे सारे आपल्या बहिणीच्या मुलीला, ब्रिल्काला, सांगते. नृत्यपथकाबरोबर आमस्टरडॅमला गेलेली ही बारा वर्षांची मुलगी तिथून निसटली आहे. जर्मन भाषेत नीत्सा तिची ‘टांटं’. हा शब्द इंग्रजीतल्या ‘आंट’सारखाच, आईची बहीण आणि बापाची बहीण यांत फरक न करणारा. जॉर्जियनमध्ये मात्र आईची बहीण ‘देइदा’ आणि वडिलांची ‘मामिदा’, म्हणजे आपली मावशी आणि आत्या. ही कादंबरी मराठीत आणताना जर्मनमध्ये पुसलेली ही रेघ आपोआप परत उमटेल. तो तपशील किरकोळ नाही, कारण वारसा इथे मुख्यतः बायकांच्या बाजूने चालत येतो आणि तो सांगायची जबाबदारी मावशीने घेतलेली आहे.

कादंबरीचे भाग आठ. शेवटच्या भागाला ब्रिल्काचे नाव आहे, पण त्यात मजकूर नाही. शाप खरा मानला, तर ते पानही आधीच लिहून ठेवलेले असते. ते कोरे सोडून लेखिकेने आपल्याच चॉकलेटवरचा विश्वास काढून घेतला आहे, आणि मला ही कादंबरी त्या पानासाठी मोठी वाटते.