वैऱ्याच्या कानी पापनिवेदन

शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो' (प्रथम मुद्रण १६२२) या नाटकाची कथा देवलांच्या 'झुंझारराव'मुळे (१८९०) मराठी रसिकांना परकी नाही. आपली चर्चा मात्र सेनापती ऑथेल्लो व त्याची पत्नी डेस्डेमोना यांच्यापाशीच थांबते. तरुण सेनाधिकारी कॅशिओ दुर्लक्षित राहतो.

सायप्रस बेटावर, पहाऱ्याच्या रात्री, मित्र म्हणवणारा इयागो कॅशिओला आग्रहाने मद्य पाजतो, भांडण उभे करतो आणि कॅशिओचे पद जाते. शरमेने खचलेला कॅशिओ आपला अपराध बोलून दाखवतो तो इयागोपाशीच. हे एक प्रकारचे पापनिवेदनच. पण ऐकणारा कान वैऱ्याचा. लौकिक ही पोकळ गोष्ट आहे, असे इयागो त्याला समजावतो. पुढच्याच अंकात ऑथेल्लोपुढे मात्र तोच सत्कीर्तीला अनमोल रत्न ठरवतो.

त्याहून भयंकर हे, की डेस्डेमोनाला रदबदली करण्यास सांग, हा त्याचा सल्ला मुळात योग्यच आहे. विश्वासघाताला येथे असत्याची गरजच पडत नाही. यहूदाने चुंबनाचे जे केले, तेच इयागो सल्ल्याचे करतो.

अखेरीस कॅशिओ जखमी होऊन वाचतो; सायप्रसचा कारभार त्याच्याकडे येतो. इयागो यापुढे एक शब्दही न बोलण्याचे ठरवतो. कॅशिओ निर्दोष नव्हे. मद्याचा पेला त्यानेच उचलला होता. परंतु त्याने आपला अपराध, चुकीच्या ठिकाणी का होईना, कबूल केला. इयागोने तो पश्चात्तापाने कोठेच केला नाही. या दोन सैनिकांमधील खरे अंतर हेच होय.