जनीच्या जात्यापाशी

परभणी जिल्ह्यातील गंगाखेडची जनाबाई लहानपणीच पंढरपुरी नामदेवांच्या घरी आली आणि आयुष्यभर स्वतःला नामदेवांची दासी म्हणवत राहिली. तिच्या नावावरील अभंगांत विठ्ठल तिच्यासोबत दळतो, कांडतो, शेण्या वेचतो. प्रस्थापित समीक्षेने या अभंगांत भक्तीची गोडी पाहिली. त्यामागचे कष्ट पाहिले नाहीत. विठ्ठल जात्याला हात लावतो, कारण हात लावायला माणूस कोणी आला नाही. देवालाच दासीच्या कामाला जुंपणारी ही प्रतिभा मोठी आहे, यात शंका नाही. पण दासीच्या ठायी देव पाहणाऱ्या परंपरेने तिचे दास्य संपवले नाही.

चोखोबांचेही तेच झाले. त्यांना देव भेटला, देऊळ भेटले नाही. त्यांची समाधी महाद्वारासमोर, पायरीपाशीच राहिली. ते दार अस्पृश्यांना उघडावे म्हणून १९४७ साली साने गुरुजींना प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले.

देवापुढे सर्व समान असणे वेगळे आणि माणसे परस्परांत समान असणे वेगळे, हे बाबासाहेबांनी ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये दाखवून दिले. पहिल्या समतेने कोणाच्याच मक्तेदारीला धक्का लागत नाही.

माणसात देव पाहणे सोपे आहे. देव मजुरी मागत नाही, पाणवठा मागत नाही, गायरानातला तुकडा मागत नाही. माणूस मागतो. म्हणून जनीचे अभंग वाचताना, शेजारी देव कोणता बसला होता हे नंतर पाहू. जाते कोण ओढत होते, हे आधी विचारू.