मितव्ययाचे माप

वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. काव्यपुरुष व साहित्यविद्या यांचा विवाह राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त येथेच लावला आहे. शब्द आणि अर्थ यांच्या सहभावाचे हे रूपक कंपायलरलाही लागू पडते. मात्र त्याचे व्रत अधिक कठोर आहे. आज्ञांचे रूप हवे तितके पालटावे, अर्थ मात्र तसूभरही ढळू नये.

ह्या क्षेत्रात मुंबईच्या आय. आय. टी.मधील धनंजय ढमढेरे यांचे कार्य मूलगामी आहे. काही मार्गांवरच पुनरुक्त ठरणारी गणिते वगळण्याची रीत मोरेल व रेन्व्हॉइस यांनी १९७९ मध्ये मांडली. गणित आलेखाच्या बिंदूंप्रमाणेच कडांवरही ठेवून ढमढेरे यांनी १९९१ मध्ये तिला व्यवहार्य रूप दिले.

परंतु ह्या परंपरेचे मूळ माप कोणते? एखादे गणित किती वेळा घडते, हे. टळलेले प्रत्येक गणित म्हणजे वाचलेला वेळ, हे त्यामागील गृहीत होय. नव्या प्रोसेसरवर ते डळमळते. साधी बेरीज बहुधा एका आवर्तनात उरकते. उलट, जपून ठेवलेल्या फलाला रजिस्टर उरले नाही, तर अगदी जवळच्या कॅशमधून ते परत आणण्यास साधारणतः चार-पाच आवर्तने लागतात. अशा वेळी पुनरुक्ती हाच मितव्यय ठरतो. क्नूप, ऱ्यूटिंग व स्टेफेन यांनी १९९२ मध्ये गणित शक्य तितके उशिरा ठेवण्याचा मार्ग दाखविला, तो रजिस्टरांवरील हाच भार हलका करण्यासाठी.

मग ही विद्या कालबाह्य झाली काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. २५६ बिटांच्या एका सदिश आज्ञेत ३२ बिटांच्या आठ संख्या एकदम हाताळता येतात. पण दोन पॉइंटर एकाच जागेकडे निर्देश करीत नाहीत ह्याची खात्री नसेल, तर कंपायलरला एकतर धावत्या वेळी तपासणी करावी लागते किंवा ती संधी सोडावी लागते. येथे उणीव आज्ञांची नसून ज्ञानाची आहे. ते ज्ञान पुरविणे हेच डेटा-प्रवाह विश्लेषणाचे काम. आणि उदय खेडकर, अमिताभ संन्याल व बागेश्री करकरे यांच्या २००९ च्या ग्रंथाचे महत्त्वही ह्यातच आहे.

तात्पर्य, ह्या परंपरेचे सिद्धांत टिकाऊ ठरले, तिचे माप मात्र अपुरे पडले. आज्ञावलीविषयी ती जितक्या काटेकोरपणे जाणते, तितक्याच काटेकोरपणे प्रोसेसरचा खर्चही तिने हिशेबात धरावयास हवा.