तिसवाडीची पाठशाळा, तिचे विद्यार्थी आणि ‘क्रिस्तपुराण’

फादर थॉमस स्टीफन्स यांचे नाव मराठी वाङ्मयेतिहासात बहुधा विस्मयाच्या सुरात घेतले जाते. इंग्लंडमध्ये जन्मलेला धर्मोपदेशक गोव्यात येतो, परकी भाषा आत्मसात करतो आणि तिच्यात सुमारे अकरा हजार ओव्यांचे पुराण रचतो, ही घटना आहेच तशी. त्या पुराणातील मराठीच्या स्तुतीच्या ओव्या पाठ्यपुस्तकांनी वेगळ्या काढल्या आणि पिढ्यानपिढ्या त्या पाठ केल्या गेल्या. मात्र या कौतुकामागे ग्रंथाची जन्मभूमी झाकली गेली. ‘क्रिस्तपुराण’ हे मिशनरी पाठशाळांच्या परिसरात जन्मलेले आणि त्यांच्या गरजेतून लिहिलेले काव्य आहे. त्याचे कर्ते काही काळ अशाच एका शाळेत स्वतः विद्यार्थी होते आणि काव्याचा आरंभही मुलांच्या धर्मशिक्षणाच्या प्रसंगातून होतो. तरीही विद्यार्थी ही भूमिका या ग्रंथावरील मराठी समीक्षेत जवळजवळ अनुपस्थित आहे. भाषा मराठी की कोंकणी, लिपी रोमन की देवनागरी, ओवी ज्ञानेश्वरांची की एकनाथांची, या प्रश्नांची चर्चा विपुल झाली. ऐकणारा कोण होता आणि तो तेथे कसा पोहोचला, हा प्रश्न मागे राहिला.

ज्या शाळेपासून आरंभ करावयाचा ती जुन्या गोव्यात होती. जुने गोवे तिसवाडी बेटावर वसलेले आहे. मांडवी, जुवारी आणि कुंभारजुव्याची खाडी यांनी हा भूभाग मुख्य भूमीपासून तोडला आहे. १५४१ मध्ये मिगेल व्हाझ आणि दिओगो द बोर्बा यांच्या पुढाकाराने येथे ‘सांता फे’ म्हणजे पवित्र श्रद्धा या नावाचा संघ स्थापन झाला आणि त्याच्या आश्रयाने देशी मुलांसाठी एक विद्यालय उभे राहू लागले. हेच पुढे सेंट पॉलचे कॉलेज म्हणून ओळखले गेले. संस्थापकांची कल्पना सरळ होती. पूर्वेकडील निरनिराळ्या देशांतील मुले येथे आणावीत, त्यांना लॅटिन, धर्मशास्त्र व संगीत शिकवावे आणि मग धर्मगुरू किंवा दुभाषी म्हणून त्यांच्या त्यांच्या देशी परत धाडावे. मे १५४२ मध्ये गोव्यात उतरलेल्या फ्रान्सिस झेवियर यांनी त्याच वर्षी सप्टेंबरात युरोपला लिहिलेल्या पत्रात या विद्यालयाच्या चर्चची तुलना सोर्बोनच्या चर्चशी केली आणि हे त्याच्या जवळजवळ दुप्पट असल्याचे कळविले. ही पॅरिसमध्ये शिकलेल्या माणसाची नजर आहे. ओळखीच्या विद्यापीठाच्या मापाने त्याने अनोळखी बेट मोजले.

या बेटावर कोण शिकत होते? कोंकणी आणि मलबारी मुले होती, तशीच मलाय, सिंहली, बंगाली, पेगूची आणि हबशी मुलेही होती. जपानहून आलेला अंजिरो हा या शाळेचा बहुधा सर्वांत प्रसिद्ध विद्यार्थी. १५४८ मध्ये गोव्यात त्याचा बाप्तिस्मा झाला आणि त्याला ‘पावलो द सांता फे’ हे नाव मिळाले, म्हणजे शाळेचेच नाव त्याचे आडनाव झाले. पुढल्या वर्षी झेवियर यांच्याबरोबर तो कागोशिमाला परतला. तौलनिक साहित्याच्या अभ्यासकांना ‘बहुभाषिकता’ हा शब्द आज फार प्रिय आहे. सोळाव्या शतकातील या विद्यालयाच्या भोजनगृहात ती किती दाट असेल याची कल्पना करता येते. ती कोणत्या शिस्तीखाली नांदत होती याची नोंदही तेवढ्याच काटेकोरपणे घेतली पाहिजे.

ती शिस्त पहिल्या दशकातच उघडी पडली. १५४८ मध्ये विद्यालयाची सूत्रे हाती आलेल्या आंतोनिओ गोमिश यांना ही संस्था कोइंब्राच्या धर्तीवर पोर्तुगीज तरुणांसाठी हवी होती. त्यांनी देशी विद्यार्थ्यांना बाहेर काढले. ज्यांच्यासाठी शाळा बांधली त्यांनाच तिच्यात जागा उरली नाही. १५५२ मध्ये परतलेल्या झेवियर यांनी गोमिश यांना पदावरून दूर केले आणि देशी मुलांना पुन्हा प्रवेश मिळू लागला. हा प्रसंग संस्थेच्या इतिहासात प्रशासकीय वाद म्हणून नोंदला जातो. साहित्याच्या अभ्यासकाला त्यात वेगळे काही दिसावयास हवे. या शाळेत देशी विद्यार्थ्याचे स्थान प्रथमपासून दुसऱ्यांच्या मतभेदांवर टांगलेले होते. त्याच्याविषयी पत्रे लिहिली जात होती. त्याची स्वतःची पत्रे मात्र क्वचितच आढळतात.

याहून गंभीर बाब १५५९ ची आहे. त्या वर्षीच्या मार्च महिन्यात पोर्तुगालच्या राजाच्या नावाने निघालेल्या हुकुमानुसार गोव्यातील हिंदूंची अनाथ मुले सेंट पॉल कॉलेजच्या हवाली करून त्यांना ख्रिस्ती धर्मात वाढवावयाचे ठरले. पुढील काळात अनाथ या शब्दाचा अर्थ ताणला गेला. बाप गेला की आई जिवंत असूनही मूल अनाथ ठरू लागले आणि नातलग अशी मुले खाडीपलीकडे लपवू लागले. अ. का. प्रियोळकर यांनी गोव्याच्या इन्क्विझिशनविषयीच्या आपल्या लेखनात हे हुकूम एकत्र आणले. असे असूनही ते लेखन आणि ‘क्रिस्तपुराणा’चे वाङ्मयीन मूल्यमापन ही दोन कपाटे वेगळीच राहिली. एका कपाटात छळाचा इतिहास आणि दुसऱ्यात रसास्वाद. खुद्द प्रियोळकरांचा व्यासंग दोन्हीकडे होता, ही त्यातली विसंगती.

शाळेतील विद्येचाही असाच दुहेरी चेहरा आहे. अबिसिनियाकडे निघालेले मुद्रणयंत्र १५५६ मध्ये गोव्यात आले, येथेच थांबले आणि सेंट पॉलमध्ये त्याच्यावर छपाई सुरू झाली. भारतातील मुद्रणाचा आरंभ हा असा एका पाठशाळेतला आहे. त्यानंतर दोन-तीन वर्षांत, १५५९ च्या सुमारास, पोथ्यांची ती प्रसिद्ध घटना घडली. एका नवख्रिस्ती ब्राह्मण तरुणाने मुख्य भूमीवर राहणाऱ्या एका ब्राह्मणाच्या घरातून पुराणांच्या पोथ्या हस्तगत केल्या आणि त्या या विद्यालयात पोहोचल्या. त्यांतील मजकूर पोर्तुगीजमध्ये उतरवून घेण्यात आला आणि खंडनासाठी वापरण्यात आला. १५६७ च्या प्रांतिक धर्मपरिषदेने हिंदू धर्मग्रंथांवर बंदी घातली. पोर्तुगालमधील ब्रागा येथील ग्रंथालयात मात्र रामायण-महाभारताच्या कथा जुन्या कोंकणी गद्यात आणि कृष्णचरित्रपर मराठी काव्य, असे सारे रोमन लिपीत लिहिलेले हस्तलिखित आजही आहे. बाहेर जाळले जाणारे वाङ्मय आत लिहून घेतले जात होते. लिहून घेणारे युरोपीय असतील, पण सांगणारा माणूस ज्याने लहानपणी या कथा ऐकल्या असाच असणार. या सांगणाऱ्याला लेखक म्हणावे, साक्षीदार म्हणावे की विद्यार्थी? ब्रागाच्या हस्तलिखिताचा विचार जुन्या कोंकणी गद्याचा नमुना म्हणून पुष्कळ झाला. ते एका विशिष्ट वर्गातील पाठ म्हणून वाचले गेले तर त्यातील सांगण्याची लय, कथेतील गाळलेल्या जागा आणि अनावश्यक वाटणारी स्पष्टीकरणे यांना निराळा अर्थ येईल. स्पष्टीकरण अडाणी श्रोत्यासाठी असते, आणि येथे अडाणी श्रोता हा सत्ताधारी आहे.

स्टीफन्स या परिसरात ऑक्टोबर १५७९ मध्ये आले. रोममध्ये दीक्षापूर्व शिक्षण घेतलेल्या या तरुणाचा धर्मशास्त्राचा अभ्यास अपुरा होता. तो त्यांनी गोव्यात पुरा केला आणि तेथेच त्यांना पुरोहितपदाची दीक्षा मिळाली. म्हणजे वयाच्या तिशीत तेही या बेटावर शिकणारेच होते. त्याच सुमारास सेंट पॉलमध्ये तत्त्वज्ञान शिकविणारे रोदोल्फो आक्वाव्हिवा अकबराच्या निमंत्रणावरून फतेहपूर सीक्रीकडे निघण्याच्या तयारीत होते. दिल्ली-आग्रा परिसरातील अभ्यासक जेझुइटांना मोगल दरबारातील वादपटू म्हणून ओळखतो. त्या वादविवादामागची तालीम तिसवाडीतली होती. सीक्रीला बादशहापुढे बोलावयाचे होते, म्हणून तेथे फारसी शिकणे अगत्याचे ठरले. गोव्यात पोरांपुढे आणि त्यांच्या बापांपुढे बोलावयाचे होते. स्टीफन्स यांचा पुढील जवळजवळ सारा काळ जुवारीच्या दक्षिणेकडील साष्टीत गेला आणि १६१६ मध्ये राशोल येथे त्यांचे पुराण छापले गेले.

प्रस्तावनेतील भाषाविषयक भूमिका या दृष्टीने पाहावी. ग्रंथ मराठीत रचला आहे, परंतु शुद्ध मराठी येथील बहुतेकांना समजत नसल्याने तीत ब्राह्मणांच्या बोलीतील सोपे शब्द मिसळले आहेत, असा तिचा आशय आहे. मराठी-कोंकणी वादात या विधानाचा उपयोग दोन्ही पक्षांनी केला. प्रत्यक्षात ही शिक्षकाची तडजोड आहे. प्रतिष्ठेची भाषा हवी, कारण जुन्या पुराणांची जागा घ्यावयाची आहे. कळणारी भाषाही हवी, कारण समोर मुले आहेत. मराठीच्या स्तुतीच्या ओव्यांमागे हा हिशेब आहे. त्याने त्या ओव्यांचे सौंदर्य उणावत नाही, मात्र त्या पाठ्यपुस्तकात एकट्या छापल्या की हिशेब दिसेनासा होतो.

काव्याच्या आरंभी साष्टीत मुलांना ख्रिस्ती सिद्धांत शिकविला जात असता एक नवख्रिस्ती ब्राह्मण येतो. मुलांचे शिक्षण ऐकून तो पाद्रीला विनवितो की, जुनी पुराणे तर सुटली, तेव्हा मन रमेल असे दुसरे पुराण द्यावे. या विनवणीतून कथा सुरू होते आणि पुढेही श्रोते अधूनमधून शंका काढतात, गुरू त्यांचे निरसन करतो. शंका-समाधानाची ही बैठक वारकरी आणि पौराणिक परंपरेतील आहे, हे मराठी समीक्षकांनी योग्यच दाखविले आहे. स्टीफन्स यांच्याच ‘दौत्रिन क्रिस्तां’शी तिची तुलना केली म्हणजे तिचे वैशिष्ट्य अधिक स्पष्ट होते. १६२२ मध्ये, त्यांच्या निधनानंतर छापलेली ही कोंकणी प्रश्नोत्तरी मार्कोश जोर्ज यांच्या पोर्तुगीज प्रश्नोत्तरीवर आधारलेली आहे. प्रश्नोत्तरीत उत्तर आधी ठरलेले असते आणि प्रश्न त्याच्यासाठी बेतलेला असतो. पुराणातील श्रोत्याला मात्र अडखळण्याची, मागे वळण्याची थोडी मुभा आहे. ही मुभा कर्त्याने का दिली? जुन्या श्रद्धेची ओढ कायद्याने तुटत नाही, हे त्यांना वर्गात कळले असावे. निदान पुराण मागणाऱ्या ब्राह्मणाच्या तोंडी ती ओढ त्यांनी उघडपणे घातली आहे. ‘क्रिस्तपुराणा’तील हा सर्वांत प्रामाणिक क्षण आहे आणि त्यावर समीक्षेने फार कमी वेळ घालविला आहे.

तरीही प्रामाणिकपणा येथे संपतो. पुराणातला प्रश्नकर्ता प्रौढ आहे, स्वेच्छेने आला आहे आणि तो ब्राह्मण आहे. ज्या मुलांचे धर्मशिक्षण ऐकून तो बोलू लागतो ती मुले मात्र या प्रसंगात पार्श्वभूमीपुरतीच आहेत. पाठांतराचा त्यांचा आवाज येतो, प्रश्न येत नाही. १५५९ च्या हुकुमाने आणलेले मूल या काव्यात शोधू गेल्यास ते त्या आवाजातच शोधावे लागते. काव्य खोटे बोलते असा याचा अर्थ नाही. त्याने कोणाला बोलू द्यावयाचे ते निवडले, आणि ती निवड वाङ्मयीन आहे तितकीच संस्थात्मक आहे. सोसायटीनेही देशी माणसाला हीच मर्यादा घातली होती. १५७५ मध्ये पुरोहित झालेले पेरू लुईश हे मलबारकडील ब्राह्मण सोडले तर तिने पुढे दीर्घकाळ भारतीयांना आपल्यात घेतले नाही. शिकविलेल्याला शिकविणारा होऊ द्यावयाचे नव्हते.

शिकणारा बोलला तो शाळेबाहेर पडल्यावर. तिसवाडीला लागून असलेल्या दिवाडी बेटावरचे मातेउश द काश्त्रू यांना गोव्यात पुरोहितपद नाकारले गेले. ते रोमला गेले, तेथे पुरोहित झाले आणि १६३७ मध्ये बिशप. १६५३ मध्ये त्यांनी गोव्याच्या ब्राह्मणांना उद्देशून लिहिलेला ‘ब्राह्मणांचा आरसा’ हा त्वेषाने भरलेला मजकूर पोर्तुगीजांवर आणि जेझुइटांवर तुटून पडतो. मिशनरी शाळेत घडलेल्या गोमंतकीय मनाचा हा स्वतःचा स्वर आहे, परंतु तो पोर्तुगीजमध्ये आहे. त्यात जातीचा अभिमानही निःसंकोच आहे, हे दडविण्याचे कारण नाही.

मराठीत असा स्वर दोन शतकांनी, दुसऱ्या बेटावर ऐकू आला. बेळगावच्या मिशन शाळेतून मुंबईच्या फ्री चर्चच्या विद्यालयात आलेल्या आणि १८५४ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या बाबा पदमनजींचे ‘अरुणोदय’ हे आत्मचरित्र मिशनरी शाळेतील विद्यार्थ्याने स्वतःच्या हाताने लिहिलेले आहे. ‘क्रिस्तपुराणा’तील ब्राह्मणाची शंका आणि बाबांची शंका यांत विषयाचे साम्य पुष्कळ आहे. भेद वेळेचा आहे. पुराणात शंकेचे निरसन त्याच बैठकीत होते. ‘अरुणोदया’त ती वर्षानुवर्षे रेंगाळते, घरच्या माणसांच्या चेहऱ्यांवरून, मित्रांच्या संगतीतून, छापील पुस्तकांतून फिरते आणि अनेकदा जेथून निघाली तेथेच परत येते. या रेंगाळण्यामुळे गद्याला आत्मचरित्राचा आकार येतो. मुंबईच्या बेटावर विद्यार्थ्याला घरी जाता येत होते, वर्तमानपत्र वाचता येत होते, सोडून जाण्याची वाट मोकळी होती. तिसवाडीच्या मुलाला खाडी ओलांडावी लागली असती. १६८४ नंतर त्याच्या भाषेलाच तीन वर्षांची मुदत मिळाली. तेवढ्या अवधीत देशी बोली सोडून पोर्तुगीज आत्मसात करावी, असा व्हाइसरॉयचा हुकूम त्या वर्षी निघाला. ज्या बोलीचे शब्द मुलांना कळावेत म्हणून स्टीफन्स यांनी पुराणात मिसळले होते, तीच ही बोली.

‘क्रिस्तपुराणा’च्या सतराव्या शतकातील छापील प्रतींपैकी एकही आज हाती नाही. १९०७ ची सालढाणा यांची मंगळूर आवृत्ती हस्तलिखितांवरून सिद्ध झाली. ही हस्तलिखिते खेडोपाडीच्या ख्रिस्ती घरांत पिढ्यानपिढ्या जपली, नकलली आणि गायिली गेली. नकला करणाऱ्यांची अक्षरे, त्यांनी बदललेले शब्द, गाळलेल्या ओव्या यांचा पाठभेद म्हणून हिशेब झाला आहे. त्या हातांना अक्षर कोणी आणि कोठे शिकविले, हा पाठचिकित्सेचाच पुढचा प्रश्न आहे.