व्यक्तिगत निवेदन आणि मार्गदर्शकाचा हात : वैद्यकीय प्रवेशातील एका लेखनप्रकाराची चिकित्सा

प्रास्ताविक

आत्मपर लेखनाचा विचार करताना मराठी समीक्षेने आत्मचरित्र, आठवणी, रोजनिशी आणि पत्रे या प्रकारांची पुष्कळ चर्चा केली आहे. मात्र एखाद्या संस्थेच्या दारात उभे राहून, ठरवून दिलेल्या अक्षरमर्यादेत, निवड व्हावी या उघड हेतूने केलेले आत्मकथन सहसा समीक्षेच्या कक्षेत येत नाही. ब्रिटन आणि अमेरिका येथील वैद्यकीय महाविद्यालयांच्या प्रवेशअर्जातील पर्सनल स्टेटमेंट, म्हणजेच व्यक्तिगत निवेदन, हा असाच एक लेखनप्रकार होय. त्याच्या आधाराने सशुल्क मार्गदर्शनाचा एक व्यवसायही उभा राहिला आहे. निवेदन 'व्यक्तिगत' असावे अशी अट आणि ते लिहिण्यासाठी दुसऱ्याचे साहाय्य, या दोन गोष्टी एकत्र कशा नांदतात, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

महाराष्ट्रात वैद्यकीय प्रवेश 'नीट' परीक्षेच्या गुणांवर होत असल्याने हा प्रकार आपल्याकडे रुळलेला नाही. तथापि परदेशी उच्चशिक्षणासाठी जाणारे विद्यार्थी उद्देशपत्राचा कच्चा खर्डा घेऊन प्राध्यापकांकडे येतात, हा अनेकांचा अनुभव आहे. त्या खर्ड्यावर आपली लेखणी कोठपर्यंत चालवावी, हा प्रश्न त्यामुळे आपल्यालाही परका नाही.

लेखनप्रकाराचे स्वरूप

अमेरिकेतील बहुतेक वैद्यकीय महाविद्यालयांचे अर्ज 'ॲमकास' या प्रणालीतून जातात. तेथे निवेदनासाठी मोकळ्या जागांसह ५,३०० अक्षरांची मर्यादा असून विषय एकच असतो : आपणास वैद्यकीय शिक्षण का घ्यावयाचे आहे? ब्रिटनमध्ये 'यूकास' या संस्थेमार्फत अर्ज होतात. तेथील मर्यादा ४,००० अक्षरांची आहे. एका अर्जात वैद्यकशास्त्रासाठी चारच महाविद्यालये निवडता येतात आणि त्या सर्वांकडे तेच निवेदन जाते.

या लेखनाची अडचण त्याच्या रचनेतच आहे. आत्मचरित्रकार सामान्यतः आयुष्याचा बराच भाग जगून झाल्यावर मागे वळून पाहतो. येथे सतरा ते बावीस वर्षांच्या तरुणाला जे अद्याप घडलेले नाही त्याची प्रस्तावना लिहावी लागते. शिवाय वाचक अदृश्य आहे, आणि तो अशी शेकडो निवेदने वाचणारा आहे. त्याला आत्मीय स्वर हवा असतो, पण तो स्वर अपेक्षित गुणांच्या यादीत बसणाराही असावा लागतो. करुणा हवी, पण भावविवशता नको. आत्मविश्वास हवा, पण गर्व नको. मार्गदर्शकाची गरज या अंतर्विरोधातून निर्माण होते. ती केवळ विद्यार्थ्याच्या आळसातून निर्माण होते असे मानणे एकांगी ठरेल.

साचा आणि खरेपणाच्या खुणा

२००७ मध्ये यूकासने सुमारे ५० हजार निवेदनांची संगणकीय तपासणी करवून घेतली. त्यांत वैद्यकीय अर्जदारांचीही निवेदने होती. आठव्या वाढदिवशी रसायनांच्या खेळातल्या संचाशी प्रयोग करताना पायजमा जळून त्याला भोक पडले आणि तेव्हापासून विज्ञानाची ओढ लागली, ही हकिकत २३४ निवेदनांत आढळली. मानवी शरीराच्या कार्याविषयीचे कुतूहल सांगणारे एकाच वळणाचे वाक्य ३७० ठिकाणी, तर वृद्ध किंवा आजारी आजोबांचा उल्लेख १७५ ठिकाणी मिळाला. यानंतर यूकासने साम्य शोधणारी संगणकप्रणाली नियमित वापरात आणली.

या घटनेकडे नक्कलीचा एक विनोदी प्रकार म्हणून पाहिले गेले. समीक्षेच्या दृष्टीने मात्र तिचे महत्त्व वेगळे आहे. नक्कल करणाऱ्यांनी नेमके हेच वाक्य का निवडले असावे? त्यात मुलाचे वय आहे, वस्तू आहे, लहानसा धोका आहे आणि स्वतःवर हसण्याची तयारी आहे. 'अमूर्त विधान करू नका, प्रसंग सांगा' हा लेखनमार्गदर्शनाचा नित्याचा उपदेश या वाक्याने तंतोतंत पाळलेला आहे. म्हणजे खरेपणाच्या ज्या खुणा आपण ग्राह्य धरतो, त्या सर्व उसन्या घेता येतात. तपशील असणे हा अनुभव असल्याचा पुरावा नव्हे, ही गोष्ट कादंबरीच्या वाचकाला ठाऊक असते. प्रवेशसमितीला ती २००७ मध्ये आकडेवारीनिशी कळली.

आजोबांच्या उल्लेखाचे प्रकरण याहून गुंतागुंतीचे आहे. त्या १७५ जणांपैकी काहींचे आजोबा खरोखरच आजारी असतील. साम्य म्हणजे असत्य असे समीकरण मांडता येत नाही. आजारपण, मृत्यू आणि शुश्रूषा हे अनुभव सर्वांचे असतात. वेगळे असते ते त्या प्रसंगात त्या व्यक्तीने काय पाहिले ते. निवेदनाची पारख प्रसंगाच्या दुर्मीळपणावर करू नये, निरीक्षणाच्या नेमकेपणावर करावी.

साहाय्याचे तीन प्रकार

मार्गदर्शकाचे साहाय्य स्थूलमानाने तीन प्रकारचे असते : भाषेची दुरुस्ती, प्रश्न विचारणे आणि वाक्य किंवा आकृतिबंध पुरवणे. अमेरिकन विद्यापीठांतील लेखनकेंद्रांच्या परंपरेत या विषयावर बराच विचार झालेला आहे. स्टीफन नॉर्थ यांनी १९८४ मधील आपल्या प्रसिद्ध निबंधात, लेखनकेंद्राचे लक्ष समोरच्या मजकुरापेक्षा लिहिणाऱ्या व्यक्तीच्या घडणीकडे असावे, अशी भूमिका मांडली. ही भूमिका वर्गात पटते. पण ज्याचा अर्ज अंतिम तारखेपूर्वी जावयाचा आहे, त्याला चांगला मजकूरच हवा असतो, आणि मार्गदर्शकाला शुल्कही त्यासाठीच मिळते. सशुल्क मार्गदर्शन वाक्य पुरवण्याकडे झुकते याचे कारण हे आहे.

उदाहरणादाखल एक कल्पित वाक्य घेऊ. विद्यार्थी लिहितो : 'रुग्णालयात स्वयंसेवक म्हणून काम करताना मला रुग्णांच्या वेदनांची जाणीव झाली.' एक मार्गदर्शक या वाक्याला डौल देईल आणि 'वेदना'पुढे एखादे विशेषण ठेवील. दुसरा विचारील : तुमच्याकडे काम कोणते होते? उत्तर येईल : चहाचे ट्रे वाटण्याचे. मग? एक वृद्ध बाई कपाचे झाकण बोटांनी उघडू शकत नव्हत्या. त्यांचा ट्रे भरलेला परत जाई, आणि त्या चहा घेत नाहीत अशी नोंद होई. आता निवेदनाला विषय मिळाला. रुग्णाने नाकारणे आणि रुग्णाला न जमणे यांतील भेद त्या मुलाने पाहिला होता. पण तो सांगण्याजोगा आहे हे त्याला वाटले नव्हते, कारण ते त्याच्या मनातील 'वैद्यकीय' कल्पनेत बसत नव्हते.

येथे मार्गदर्शकाने एकही शब्द दिलेला नाही, तरी त्याच्यावाचून हा परिच्छेद लिहिला गेला नसता. साहाय्य आणि स्वत्व यांत मूलतः वैर नाही, हे यातून दिसते. मात्र प्रश्नही निरुपद्रवी नसतो. 'यातून तुम्ही काय शिकलात?' असे विचारताच विद्यार्थी बोधवाक्य शोधू लागतो. बाईंच्या कपाचे झाकण मग सहानुभूतीचे प्रतीक बनते आणि परिच्छेद पुन्हा साच्यात जातो. अनुभव आठवायला लावणारा प्रश्न उपयोगी आहे. अनुभवाचा निष्कर्ष मागणारा प्रश्न जपून वापरला पाहिजे.

ॲमकासच्या अर्जात मार्गदर्शकांचे साहाय्य घेण्यास मनाई नाही. अंतिम लेखन अर्जदाराचे स्वतःचे असल्याची ग्वाही मात्र त्याला द्यावी लागते. अलीकडे विचार सुचण्यासाठी किंवा मजकूर तपासण्यासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने वापरण्यासही याच अटीवर मुभा आहे. नियमाची मर्यादा येथे उघड होते. साम्य शोधणारी प्रणाली उघड नक्कल पकडते. पण पैसे देऊन एकट्यासाठी लिहून घेतलेले निवेदन कोणाशीच जुळत नसल्याने तिच्या नजरेतून सुटते. चोरलेले वाक्य सापडते आणि विकत घेतलेले मौलिकत्व सापडत नाही, अशी ही स्थिती आहे.

विषमतेचा प्रश्न

मँचेस्टर विद्यापीठाचे भाषाअभ्यासक स्टीव्हन जोन्स यांनी सटन ट्रस्टसाठी केलेला अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी परीक्षेत समान श्रेणी मिळवलेल्या अर्जदारांची ३०९ निवेदने तपासली. खासगी शाळांतील विद्यार्थ्यांच्या निवेदनांत भाषिक चुका कमी होत्या आणि सांगण्याजोगा प्रतिष्ठित कार्यानुभव अधिक होता. गुण सारखे असूनही निवेदन सारखे नव्हते. शाळेचे आणि घराचे पाठबळ अशा रीतीने 'व्यक्तिमत्त्व' या नावाने वाचले जाते. यूकासने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सर्वेक्षणात ७९ टक्के विद्यार्थ्यांनी, साहाय्यावाचून निवेदन पुरे करणे कठीण असल्याचे मान्य केले.

२०२६ च्या प्रवेशासाठीच्या अर्जांपासून यूकासने सलग निवेदनाऐवजी तीन प्रश्न ठेवले : हा विषय का निवडला, आजवरच्या अभ्यासाने कोणती तयारी झाली, आणि शिक्षणाबाहेर काय केले व त्याचा उपयोग कोणता. एकूण मर्यादा ४,००० अक्षरांचीच राहिली आणि प्रत्येक उत्तराला किमान ३५० अक्षरांची अट आली. पूर्वी मार्गदर्शक शुल्क घेऊन जो आराखडा देत असे, तो आता अर्जानेच सर्वांना विनामूल्य दिला, असे या बदलाचे वर्णन करता येईल. हे स्वागतार्ह आहे. परंतु तिसऱ्या प्रश्नातील 'उपयोग' हा शब्द बोधवाक्याचा आग्रह कायम ठेवतो, हेही नोंदवले पाहिजे.

एक मराठी पूर्वज

या लेखनप्रकाराला मराठी माणसाशी जोडणारा एक खराखुरा दुवा आहे. २८ जून १८८३ रोजी आनंदीबाई जोशी यांनी फिलाडेल्फियातील विमेन्स मेडिकल कॉलेजकडे प्रवेशासाठी इंग्रजीत पत्र लिहिले. तेव्हा त्या अठरा वर्षांच्या होत्या. आप्तेष्ट आणि जातबांधव यांचा विरोध पत्करून आपण आलो, आपल्या देशातील स्त्रिया पुरुष वैद्याकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करतात आणि त्यांना वैद्यकीय मदत पोहोचवणे हा आपला हेतू आहे, असा त्या पत्राचा आशय आहे. प्रवेशाच्या सर्व अटी आपण पूर्ण करू शकत नाही, हेही त्यांनी त्यात सरळ मान्य केले.

आनंदीबाईंचे शिक्षण गोपाळरावांच्या कठोर शिकवणीतून झालेले होते. न्यू जर्सीतील कार्पेंटरबाईंशी झालेल्या पत्रव्यवहाराने आणि नंतरच्या सहवासाने त्यांना आधार मिळाला होता. साहाय्यावाचून घडलेला तो आवाज नव्हता. तरीही पत्रातील मध्यवर्ती निरीक्षण त्यांच्या जागेवर उभ्या असलेल्या व्यक्तीलाच करता येण्याजोगे होते, आणि ते वाचणाऱ्या समितीला ते नवे होते. आपल्या उणिवेची कबुली आजचा व्यावसायिक मार्गदर्शक बहुधा काढून टाकावयास सांगेल. त्या पत्रात मात्र ती कबुलीच उर्वरित विधानांना विश्वासार्ह बनवते. आनंदीबाईंना प्रवेश मिळाला आणि १८८६ मध्ये त्यांनी पदवी घेतली.

निष्कर्ष

१. व्यक्तिगत निवेदन हा अंतर्विरोधयुक्त लेखनप्रकार आहे. त्यासाठी साहाय्य घेणे अपरिहार्य आहे आणि ते स्वतःहून अप्रामाणिक ठरत नाही.

२. तपशील, प्रसंग आणि भावना या खरेपणाच्या खुणा असल्या तरी त्यांची नक्कल होऊ शकते. जे निरीक्षण अर्जदाराच्या स्थानावरूनच शक्य आहे, ते अधिक भरवशाचे गमक होय.

३. साहाय्याची मर्यादा त्याच्या प्रमाणात न पाहता प्रकारात पाहावी. आठवण जागी करणारे पाच तासांचे संभाषण विद्यार्थ्याचे लेखन त्याच्याजवळच ठेवते. अखेरचे एक सुंदर वाक्य पुरवणारी पाच मिनिटे ते काढून घेऊ शकतात.

४. असे साहाय्य पैशावर अवलंबून राहिल्यास निवेदन हे गुणपत्रिकेइतकेच, किंबहुना अधिक, विषम साधन ठरते. म्हणून महाविद्यालयाने ते विनामूल्य उपलब्ध करून देणे न्यायाचे आहे.

आपल्याकडील उद्देशपत्रांनाही हे लागू पडते. खर्डा घेऊन आलेल्या विद्यार्थ्यासमोर लाल शाईचे पेन उघडण्यापूर्वी प्राध्यापकाने त्याला त्याच्या कामाविषयी बोलते करावे. व्याकरणाची दुरुस्ती त्यानंतरही करता येते. उत्तर नेमके आले, तर त्याच शब्दांत ते लिहून आणण्यास सांगावे. आपले वाक्य अधिक चांगले असले तरी ते त्याच्या निवेदनात जाऊ नये, एवढा संयम या कामी आवश्यक आहे.