ख्रिस्ती ग्रंथांतील ‘दूत’ व न्यायाचा दिवस

अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, अमेरिकन मराठी मिशनचें ठाणें १८३१ सालीं पडलें. तेव्हांपासून या टापूंत मराठी ख्रिस्ती ग्रंथांचा प्रसार झाला. सावेडी हें पूर्वीं नगराबाहेरचें खेडें असून आतां शहराचेंच अंग झालें आहे; तेथील जुन्या दफ्तरांत असे ग्रंथ निघाल्यास नवल नाहीं. अशा ग्रंथांची नोंद करितांना संग्राहक ‘दूत’ या एका शब्दाशीं अडखळतो. कोणी त्यास गंधर्व समजतो, तर न्यायाच्या दिवसाचें प्रकरण आलें कीं कोणी यमदूत. हे दोन्ही अर्थ आम्हांस ग्राह्य वाटत नाहींत.

हिब्रू ‘मलाख’ व ग्रीक ‘आंगेलोस’ या शब्दांचा मूळ अर्थ निरोप्या इतकाच. जुन्या करारांत राजाचा जासूदही त्याच शब्दानें सांगितला आहे. फारसी ‘फरिश्ता’ म्हणजे ‘पाठविलेला’. तो संस्कृत ‘प्रेषित’ शब्दाचा सगोत्र होय. निजामशाहींत राहून १५८९ सालीं विजापुरास गेलेला तवारीखकार याच नांवानें प्रसिद्ध आहे. म्हणून त्यास कोणी देवयोनींत गणीत नाहीं! तात्पर्य, ‘दूत’ हें कामाचें नांव आहे, जातीचें नव्हे. प्रकटीकरणाच्या दुसऱ्या व तिसऱ्या अध्यायांतील सात मंडळ्यांचे दूत स्वर्गीय कीं मानवी, याविषयीं भाष्यकारांत मतभेद आहे, त्याचें कारणही हेंच.

आतां न्यायाचा प्रश्न. मत्तयाच्या तेराव्या अध्यायांत दूत हे कापणी करणारे आहेत. निवाडा त्यांचा नव्हे. चोविसाव्यांत तो दिवस त्यांसही ठाऊक नसल्याचें सांगितलें आहे. पेत्राच्या दुसऱ्या पत्रांत पापी दूत स्वतःच न्यायासाठीं कोंडलेले आहेत, आणि पौल तर करिंथकरांस लिहितो कीं भक्तजन दूतांचाही न्याय करतील. प्रकटीकरणाच्या अखेरीस योहान पायां पडूं लागतां दूत त्यास वारतो व आपणास सहसेवक म्हणवितो. यमाच्या दरबारांतील दूतांशीं हें चित्र जुळत नाहीं. तसेंच हा दिवस म्हणजे प्रलयही नव्हे. प्रलयानंतर पुन्हा सृष्टि व पुन्हा प्रलय असें चक्र चालतें, येथें निवाडा एकदांच होतो.

हा विवेक हस्तलिखितांस अधिकच लागू आहे. फादर स्टीफन्सचें ‘ख्रिस्तपुराण’ गोव्यांत १६१६ सालीं छापलें; पुढें १६४९ व १६५४ सालींही तें निघालें, परंतु त्या आवृत्त्यांची एकही प्रत उपलब्ध नाहीं. सालढाणांची १९०७ ची मंगळूरची रोमन आवृत्ति हस्तलिखितांवरून सिद्ध झाली आहे. लंडन येथील मार्सडेन संग्रहांतील देवनागरी प्रतींत रोमन पाठांतील पोर्तुगीज-लॅटिन संज्ञांच्या जागीं बहुधा संस्कृत शब्द योजिलेले आढळतात. म्हणून अमुक संज्ञा कोणत्या पाठांतली, हें सांगितल्यावांचून तिजवरून ग्रंथकाराच्या विचारासंबंधीं अनुमान काढणें धोक्याचें आहे.

सबब संग्राहकांस आमची सूचना अशी: ‘दूत’ शब्द दिसतांच त्याचा धनी कोण व काम काय हें आधीं पाहावें, मूळ शब्द जसाच्या तसा उतरून घ्यावा, आणि अर्थ निराळा द्यावा. नोंदींतील एका चुकीच्या प्रतिशब्दानें ग्रंथकाराच्या तोंडीं त्यानें न सांगितलेला धर्म घातला जातो. आणि मूळ प्रत वाळवीनें खाल्ल्यावर ती नोंदच पुरावा म्हणून उरते.