बी-१२ कमी, म्हणून उदास?

घाटकोपरच्या माझ्या मावशीचा परवा फोन आला. "अगं, रिपोर्ट आला. बी-१२ आणि डी दोन्ही कमी! म्हणजे मला डिप्रेशन नव्हतंच, व्हिटॅमिनंच कमी होती." आणि तिनं मानसोपचारतज्ज्ञांनी दिलेल्या गोळ्या स्वतःच बंद केल्या होत्या.

मावशीचा तर्क अगदीच हवेतला नाही. २०१३ साली 'ब्रिटिश जर्नल ऑफ सायकिॲट्री'मध्ये ३१ हजारांहून जास्त लोकांच्या माहितीचा एकत्रित आढावा आला. नैराश्य असलेल्यांमध्ये डी कमी आढळलं. पण आधी काय झालं? उदास माणूस घराबाहेर पडत नाही, ऊन लागत नाही, डी घटतं. म्हणजे बाण उलटाही असू शकतो.

हे तपासायला प्रयोग लागतो. तो अमेरिकेत झाला, निकाल २०२० साली 'जामा'मध्ये आला. पन्नाशीपुढच्या १८,३५३ जणांपैकी निम्म्यांना रोज २००० युनिट डी, बाकीच्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी. साधारण पाच वर्षांनी नैराश्याच्या प्रमाणात फरक नाही.

लगेच "व्हिटॅमिन डी निरुपयोगी" अशा बातम्या आल्या. इथे मला आक्षेप आहे. यातल्या बहुतेकांच्या रक्तात डी मुळातच पुरेसं होतं आणि सुरुवातीला त्यांना नैराश्यही नव्हतं. भरल्या टाकीत पाणी ओतून नळाला जोर येतो का, हे पाहण्यासारखं झालं. ज्याचं डी खरंच तळाला गेलंय, त्याच्याबद्दल हा प्रयोग फार काही सांगत नाही.

आता बी-१२. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटानं २००६ साली ४४१ निरोगी, मध्यमवयीन पुरुषांची पाहणी प्रसिद्ध केली. ६७ टक्क्यांमध्ये बी-१२ कमी. शहरी मध्यमवर्गात तर ८१ टक्के! शाकाहार हे मोठं कारण. अभ्यास फक्त पुरुषांचा आणि पुणे परिसरातला, हे खरं. पण विचार करा: धडधाकट माणसांतही दहातल्या सहा-सात जणांचं बी-१२ कमी निघत असेल, तर उदास माणसाच्या रिपोर्टमध्ये ते कमी निघण्यात नवल काय? तेवढ्यावरून कारण सापडलं असं म्हणता येत नाही.

म्हणून रिपोर्ट कचऱ्यात टाकायचा का? मुळीच नाही. बी-१२ ची तीव्र कमतरता मज्जातंतूंना इजा करते: हातापायांना मुंग्या, तोल जाणं, विसरभोळेपणा, कधी मनःस्थितीतही बदल. मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनी तर हे तपासून घ्यावंच. कमतरता भरून काढायची, कारण ती कमतरता आहे. पण नैराश्याच्या उपचारांची जागा ती गोळी घेत नाही.

मावशीला मी एवढंच म्हटलं, "तो रिपोर्ट घेऊन त्याच डॉक्टरांकडे जा, आणि गोळ्या बंद केल्यात हेही सांग." शनिवारी आम्ही दोघी जाणार आहोत. तुमच्या घरातही असा रिपोर्ट आला असेल, तर कृपया गोळ्या बंद करण्याआधी डॉक्टरांशी बोला.